दाराच्या आत थांबलेला पेरी वॉलेस

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची १९६६ ची ती फायनल बास्केटबॉलवाल्यांना पाठ असते. १९ मार्च, मेरीलँडमधलं कोल फील्ड हाउस, टेक्सास वेस्टर्न कॉलेजचा कोच डॉन हॅस्किन्स सुरुवातीचे पाचही खेळाडू ब्लॅक घेऊन उतरला आणि कोच अडॉल्फ रपची सगळीच्या सगळी गोरी केंटकी युनिव्हर्सिटीची टीम ७२-६५ ने हरली. मी पण ही गोष्ट कितीतरी जणांना सांगितलीये. पण त्याच दिवशी टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये आणखी एक फायनल होती, राज्याच्या हायस्कूल स्पर्धेत त्या वर्षी ब्लॅक आणि गोऱ्या शाळा पहिल्यांदाच एकत्र खेळत होत्या, आणि जिंकलं ते पर्ल हायस्कूल, ब्लॅक मुलांची शाळा, सीझनभर एकही मॅच न हरता. त्या टीमचा सेंटर पेरी वॉलेस. अभ्यासातही वर्गात पहिला.

त्याला इंजिनिअर व्हायचं होतं आणि त्याने गावातलीच व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटी निवडली. ती साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे अलाबामा, मिसिसिपी, जॉर्जिया ह्या सगळ्या युनिव्हर्सिट्यांच्या लीगमध्ये, आणि तिथे तोवर एकही ब्लॅक मुलगा बास्केटबॉलच्या मेन टीममधून खेळलेला नव्हता.

पहिल्या वर्षी त्याच्यासोबत डेट्रॉइटचा गॉडफ्री डिलार्ड होता. फर्स्ट इयरवाल्यांना तेव्हा मेन टीममधून खेळता यायचं नाही, त्यांची वेगळी टीम असायची. मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीत मॅच होती तेव्हा स्टँडमधून इतक्या घाण शिव्या आणि धमक्या आल्या की हाफटाइमला हे दोघं लॉकर रूममध्ये एकमेकांचा हात घट्ट धरून बसले, आणि मग उठून परत खेळायला गेले. पुढे डिलार्डचा गुडघा गेला, मेन टीमपर्यंत तो पोचलाच नाही. राहिला वॉलेस एकटा.

आणि एकटा म्हणजे नुसता कोर्टवर नाही. कॅम्पसजवळच्या एका चर्चमध्ये तो रविवारी जायला लागला होता, तर तिथल्या वडीलधाऱ्यांनी त्याला बाजूला घेऊन अगदी गोड शब्दांत सांगितलं की तू येऊ नकोस, काही लोक म्हणतायत तू येत राहिलास तर आम्ही मृत्युपत्रातून चर्चचं नाव काढू. मुलगा नुकता शाळेतून आलेला, देवाचं नाव घ्यायला गेलेला!

मग फेब्रुवारी १९६८, मिसिसिपी युनिव्हर्सिटी, ऑक्सफर्ड. ह्याच कॅम्पसवर १९६२ ला जेम्स मेरेडिथ ह्या तिथल्या पहिल्या ब्लॅक विद्यार्थ्याच्या ॲडमिशनवरून दंगल होऊन दोघांचा जीव गेला होता. मॅचमध्ये वॉलेसच्या डोळ्याजवळ जोरात लागलं, रक्त आलं, आणि स्टँडमधले लोक खूश होऊन ओरडले. हाफटाइमला आत त्याच्यावर उपचार चालू होते, तेवढ्यात टीम त्याला तसाच सोडून बाहेर वॉर्मअपला निघून गेली. तो दाराशी आला, बाहेरची गर्दी ऐकू येत होती आणि त्या गर्दीतून त्याला एकट्याने चालत जायचं होतं. गेला. खेळला. व्हँडरबिल्ट जिंकली.

मला स्टँडमधल्या शिव्यांपेक्षा त्या दाराचा जास्त त्रास होतो. ओरडणारे परके होते, पण जे त्याला थांबले नाहीत ते त्याच्याच जर्सीतले होते, आणि त्यांच्या मनात काही वाईट असेल असंही मला वाटत नाही, कुणाला सुचलंच नाही एवढंच. मात्र ज्याला एकट्याने बाहेर पडायचं होतं त्याच्यासाठी त्याने काय फरक पडला?

१९७० पर्यंत तो टीमचा कॅप्टन होता, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची डिग्री घेतली, आणि विद्यार्थ्यांनी मतं देऊन कॉलेजातला मोठा मान त्याला दिला. इथे गोष्ट छान संपवता आली असती आणि सगळ्यांना तेच हवं होतं. पण शेवटची मॅच झाल्यावर त्याने तिथल्या पेपरला मुलाखत दिली आणि शांतपणे सगळं खरं सांगून टाकलं, की चार वर्षं मी फार एकटा होतो, लोकांना माझं नाव माहीत होतं पण मला ओळखून घ्यायची इच्छा नव्हती. पुष्कळांना राग आला, कृतघ्न म्हणाले. मला तर वाटतं सगळ्या मॅचेसपेक्षा त्याची हिंमत ह्या मुलाखतीत दिसते, कारण तोंडदेखलं चार चांगले शब्द बोलून निघून जाणं किती सोपं होतं!

त्यानंतर त्याने नॅशव्हिल सोडलं. कोलंबिया युनिव्हर्सिटीतून लॉ केलं, सरकारच्या न्याय विभागात काम केलं, वॉशिंग्टनमध्ये कायद्याचा प्रोफेसर झाला. व्हँडरबिल्टने त्याची २५ नंबरची जर्सी रिटायर केली, म्हणजे त्याच्या मानासाठी तो नंबर बाजूला ठेवला, ती थेट २००४ ला, त्या मुलाखतीनंतर ३४ वर्षांनी. २०१७ च्या डिसेंबरमध्ये तो गेला.