गच्चीवरच्या झिणझिण्या

इंदूरच्या रामबागेतून आजींचा फोन आला, तेव्हा मी एका एलईडी टीव्हीचं पॅनल उघडून बसलो होतो. "शटरचा टीव्ही दुरुस्त करतोस का रे?" एवढंच त्यांनी विचारलं. शटरचा टीव्ही हा शब्द कित्येक वर्षांत कानावर पडला नव्हता. हातातलं काम तसंच झाकून ठेवलं आणि स्कूटर काढली.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तो उभा होता. चार निमुळते पाय, प्लायवर सागाचं विनिअर, दोन्ही बाजूंनी सरकत येऊन मध्ये मिळणारं पट्ट्यांचं शटर आणि त्याला छोटंसं पितळी कुलूप. किल्ली आजींच्या जुडग्यात अजून होती. शटर सरकवलं तर आत करडी काच, उजव्या हाताला चॅनलचं जाड बटण, खाली कापडी जाळीमागे स्पीकर. वीस इंची, ब्लॅक अँड व्हाइट. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढल्यावर धुळीच्या थराखाली काचेच्या नळ्यांचे व्हॉल्व्ह दिसले आणि माझी छाती धडधडायला लागली. अर्धे व्हॉल्व्ह, अर्धे ट्रान्झिस्टर, म्हणजे सत्तरच्या दशकातला हायब्रिड सेट. माझे उस्ताद अशा सेटांवरच हात बसवून मोठे झाले. मला त्यांच्या हाताखाली शेवटचे चार-दोनच पाहायला मिळाले होते.

सेट मूळचा आजींच्या नणंदेचा, दादरचा. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ला दूरदर्शन सुरू झालं, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी घेतलेला. १९८२मध्ये रंगीत प्रक्षेपण आलं, नणंदेकडे रंगीत टीव्ही आला आणि हा गाद्यांमध्ये गुंडाळून ट्रकने इंदूरला. "दादरला होता तोवर मराठी बोलायचा हो," आजी म्हणाल्या. "आमच्याकडे आला आणि हिंदीच बोलायला लागला. इथे दिल्लीचंच लागायचं ना सगळं!"

नातवाचा विचार वेगळा होता. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. असल्या कॅबिनेटमधलं सगळं काढून आत एलईडी पॅनल बसवलेलं. "काका, दिसायला जुना, चालायला नवा. दोन दिवसांत होईल." चुकीचं काही बोलत नव्हता तो. पण आजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आतलं काढायचं असेल तर मी नुसतं कपाटच नसतं का घेतलं?" विषय तिथेच संपला. लोडिंग रिक्षा बोलावून आम्ही तिघांनी सेट माझ्या दुकानात आणला.

जुना सेट हाती लागला की लोकांची पहिली चूक ठरलेली. प्लग लावून बघायचं, चालतोय का. वीस-पंचवीस वर्षं बंद पडलेल्या सेटमध्ये वीज साठवून सपाट करणारे फिल्टर कंडेन्सर आतून सुकलेले असतात. एकदम २३० व्होल्ट दिले की ते शॉर्ट होतात, कधी फुटतात आणि जाता जाता ट्रान्सफॉर्मरसारखी पुन्हा न मिळणारी वस्तू घेऊन जातात. म्हणून मी आठ दिवस सेटला वीज दाखवलीच नाही. ब्रशने धूळ काढली, व्हॉल्व्ह एकेक करून उपसले, त्यांच्या पिना घासल्या. व्हॉल्व्हवरचे छापील नंबर ओल्या कापडाने सहज पुसले जातात, म्हणून काचेला हातही न लावता आधी कागदावर जागा लिहून घेतल्या: पीएल ५०४, पीवाय ८८, पीसीएल ८०५. यांच्या आतल्या तापणाऱ्या तारा, म्हणजे हीटर, एका माळेत असतात, सगळ्यांमधून तोच ३०० मिलिअँपिअर करंट जातो. एक हीटर तुटला की सगळी माळ विझते. मीटर लावून बघितलं, माळ सलग होती. पिक्चर ट्यूबचा हीटरही सलग. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, आनंदाने.

फिल्टर कंडेन्सर अंगठ्याएवढ्या जाड ॲल्युमिनिअमच्या डब्यात होते. आजचा त्याच क्षमतेचा कंडेन्सर अर्ध्या आकाराचा आणि १०५ अंश तापमान सोसणारा मिळतो. मी जुना डबा बुडाकडून कापला, आतला सुकलेला लगदा काढला आणि नवे कंडेन्सर त्यातच बसवले. वरून बघणाऱ्याला जुनाच डबा दिसेल. असं करण्याला काही मेकॅनिक वेळेची नासाडी म्हणतात. मला तसं वाटत नाही. उद्या कुणी झाकण काढलं तर त्याला सेट जसा बनला तसा दिसावा, आणि डब्यावर मी बारीक कागद चिकटवून आत काय आहे ते लिहून ठेवलं आहे. मेणकागदाचे कंडेन्सर सगळेच लीक होते, ते फिल्मचे टाकले. ज्यांचे ओहम वाढले होते ते रजिस्टन्स बदलले. चॅनलच्या ट्यूनरचे काळे पडलेले कॉन्टॅक्ट अल्कोहोलने पुसले. उस्ताद हे काम सीटीसीने, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइडने करायचे, खिडक्या बंद करून. आज त्याच्या वाफेचे परिणाम माहीत झाल्यावर अंगावर काटा येतो.

मग सेटच्या वाटेत बल्ब येतो अशा सिरीज बोर्डावर १०० वॅटचा बल्ब लावून पहिली ट्रायल घेतली. बल्ब आधी चमकला, मग मंद झाला. शॉर्ट नाही. हीटर हळूहळू नारिंगी झाले. मिनिटभराने स्पीकरमधून खरखर आली. मग बल्ब काढून पूर्ण व्होल्टेज दिलं, आणि काचेवर आधी एक धूसर उजेड, मग पसरत जाणारा पांढरा रास्टर, म्हणजे चित्राविना उजळलेला पडदा. पिक्चर ट्यूबला प्रचंड व्होल्टेज पुरवणारा ईएचटी ट्रान्सफॉर्मर जिवंत होता, पंधरा हजारांच्या वर व्होल्ट देत होता. मी वर असलेल्या बायकोला हाक मारली. ती कणकेच्या हातांनी खाली आली आणि आम्ही दोघं काही न बोलता त्या रिकाम्या पांढऱ्या काचेकडे बघत राहिलो.

आता चित्र द्यायचं कुठून? हवेतून येणारं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालेलं. सेटमध्ये ऑडिओ-व्हिडिओची पिन नाही, फक्त अँटेनाची जागा. केबल डिजिटल झाल्यावर एका केबलवाल्याने कंट्रोल रूम मोडली, तेव्हा त्याच्याकडून मी चित्र-आवाजाचा अँटेनाजोगा सिग्नल बनवणारा चॅनल ४चा एक मॉड्युलेटर घेऊन ठेवला होता. डीडी फ्री डिशच्या बॉक्समधून चित्र आणि आवाज मॉड्युलेटरला, तिथून बालून, म्हणजे गोल केबल चपट्या वायरला जुळवणारी डबी, लावून सेटच्या अँटेनाला. चॅनलचं बटण टकटक करत चारवर आणलं आणि चित्र उभं राहिलं. बारीक, मऊ, कडेला थोडंसं गोलाईत वळलेलं.

बारा मिनिटं. तेराव्या मिनिटाला चित्र तिरकं झालं, मग पट्ट्या पट्ट्या होऊन घसरायला लागलं. लाइन होल्डचा नॉब फिरवला की थांबायचं, पुन्हा दोन मिनिटांत घसरायचं. सेट थंड केला की परत बारा मिनिटं ठीक. मी दोन दिवस व्हॉल्व्ह बदलून बघितले, सोल्डर पुन्हा मारले. शेवटी हेअर ड्रायरची गरम हवा एकेका भागावर सोडत गेलो आणि एका तपकिरी चकतीवर येताच चित्र क्षणात फाटलं. ती चकती मीच टाकली होती. लाइन ऑसिलेटरच्या कॉइलला जोडलेला जुना स्टायरोफ्लेक्स कंडेन्सर माझ्या सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने वितळला होता. पॉलिस्टायरीन ते, आच सहन होत नाही त्याला. जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तसा मिळाला नाही, म्हणून त्याच क्षमतेची सिरॅमिक डिस्क आणून लावली. आकडा तोच होता. पण ती डिस्क तापली की आपली क्षमता बदलते. सेकंदाला १५,६२५ लाइनी मोजून काढणाऱ्या ऑसिलेटरला हे कसं चालेल? पॉलिप्रोपिलीन फिल्मचा कंडेन्सर शोधून लावला, तेव्हा सेट सलग चार तास हलला नाही.

ज्या दिवसासाठी हे सगळं लिहितो आहे तो याच्यानंतरचा. गणपती चार दिवसांवर आले होते, आजींना सेट घरी हवा होता. निघण्याआधी शेवटची तपासणी म्हणून मी चॅसीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, निऑन टेस्टर लावला. लख्ख पेटला. त्याचं मला आश्चर्य नव्हतं. या सेटांमध्ये मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसायचा, मेन्सची एक तार सरळ चॅसीला जोडलेली असायची. दोन पिनांचा प्लग एका बाजूने लावला की चॅसीवर न्यूट्रल, उलटा लावला की फेज. म्हणूनच नॉब प्लास्टिकचे आणि झाकण पुठ्ठ्याचं. या चॅसीला आजचा सेट-टॉप बॉक्स थेट जोडणं म्हणजे बॉक्सच्या धातूवर फेज आणून ठेवणं. अँटेनाच्या पट्टीवर मात्र दोन छोटे कंडेन्सर असतात. ते सिग्नल सोडतात, मेन्स अडवतात.

टेस्टर सहज अँटेनाच्या स्क्रूला लावला. तोही पेटला.

मी प्लग ओढून काढला आणि पट्टी उलटी केली. दोन कंडेन्सरपैकी एक तडकलेला होता आणि त्याच्या दोन्ही पायांवरून एक तांब्याची तार वळवून सोल्डर केलेली होती. नीट, गोल, सफाईदार सोल्डर. कुणीतरी फार वर्षांपूर्वी, सिग्नल कमी येतो म्हणून किंवा नवा कंडेन्सर हाताशी नव्हता म्हणून, तो कंडेन्सर डायरेक्ट केला होता. चित्र सुधारलं असेल, घरचे खूश झाले असतील. आणि त्या दिवसापासून, प्लग उलटा लागला की, मेन्सची फेज चपट्या वायरमधून गच्चीवर, ॲल्युमिनिअमच्या अँटेनापर्यंत जात असणार. इतके दिवस मी स्वतः मॉड्युलेटरची वायर तिथे हाताने लावत होतो. प्लग योगायोगाने सुलटा लागला होता, एवढंच. खाली बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

त्या जागी मी वाय-वन दर्जाचे नवे कंडेन्सर टाकले. हे मेन्स आणि माणूस यांच्या मधे बसवण्यासाठीच बनतात आणि बिघडताना शॉर्ट होऊ नयेत अशी त्यांची रचना असते. गंमत अशी की हेही सिरॅमिकच, तशीच चकती. ऑसिलेटरमध्ये जिने मला दोन दिवस छळलं, तीच जात इथे हवी. शिवाय २३०ला २३० असा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घेतला. सेटला लागतात दीड-पावणेदोनशे वॅट, पण त्याचा रेक्टिफायर हाफ-वेव्ह असल्यामुळे करंट एकाच दिशेने ओढला जातो आणि लहान ट्रान्सफॉर्मर तापून बसतो. म्हणून ५०० व्हीएचा घेतला, आणि पिक्चर ट्यूबपासून लांब, भिंतीशी वेगळ्या पेटीत ठेवला. जवळ ठेवला तर चित्र डुलतं. पुन्हा टेस्टर लावला. चॅसीवर नाही, अँटेनावर नाही. प्लग उलटा करून लावला. नाही.

संध्याकाळी सेट रामबागेत पोचला. मी आजींना ती तार दाखवली, मुद्दाम खिशात ठेवली होती. सांगावं की नाही असं मनात आलं होतं, पण घर त्यांचं, गच्ची त्यांची. त्यांनी तार तळहातावर घेतली, चष्मा वर करून जवळून पाहिली.

"म्हणजे ते खरं म्हणत होते," त्या हळूच म्हणाल्या.

"कोण, आजी?"

"हे. पावसात अँटेना हलली की वर जायचे फिरवायला. एकदा खाली आले ते हात झटकत. म्हणाले, झिणझिण्या आल्या. मी म्हटलं, गार वाऱ्याने आल्या असतील. त्यानंतर वर जायचं झालं की आधी मला सांगायचे, प्लग काढ. प्लग काढून हातात धरून बस म्हणायचे, मी हाक मारेपर्यंत सोडू नको. मला वाटायचं, हा यांचा स्वभावच, जरा जास्तीचा. मी कपडे वाळत घालायची ना रे तिथे! त्या पाइपालाच दोरी बांधलेली होती."

नातू उभा होता तो खाली बसला. मला काय बोलावं सुचेना. गृहस्थांना कारण कळलं नव्हतं, मेकॅनिकने काय केलं ते ठाऊक नव्हतं, पण बोटांनी सांगितलं ते त्यांनी मानलं होतं आणि बायकोच्या हातात प्लग देऊन ठेवला होता.

मी सेट सुरू केला. हीटर तापेपर्यंतचं मिनिट आजींनी शटरच्या पट्ट्यांवरून हात फिरवत काढलं. नातवाने बॉक्सवर चॅनल शोधले, आणि काळ्या-पांढऱ्या काचेवर सह्याद्रीच्या बातम्या लागल्या. निवेदिका विदर्भातल्या पावसाचं सांगत होती. आजी खुर्ची पुढे ओढून बसल्या. "अगं बाई, बोलला मराठी," म्हणाल्या. मग बातम्या संपेपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत.

हवामानाच्या वेळी चित्र अडकायला लागलं. हे सेटचं नव्हे, वरची डिश वाऱ्याने हलली असणार. मी नातवाला म्हटलं, चल, जरा बघून येऊ. जिन्याच्या पहिल्या पायरीवर होतो तोच मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर आजी उठून भिंतीशी गेल्या होत्या. त्यांनी प्लग काढला, तो मुठीत धरला आणि खुर्चीवर येऊन बसल्या.

"जा आता," म्हणाल्या. "झालं की हाक मार."