आमची वाटचाल : पोतंभर मोटरी आणि एक मीटर

आमचा मूळ धंदा मोटर वाइंडिंगचा. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या कुळागरांचे (सुपारी-नारळाच्या बागांचे) पंप आणि डिचोलीकडच्या खाणींवरच्या मोटरी, एवढ्यावर कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा गाळा चालायचा. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि अर्धं काम गेलं. कुळागरातले पंप जळणार तेही उन्हाळ्यातच.

हात रिकामे होते म्हणून बंद पडलेल्या एका पॅकिंग कारखान्याच्या लिलावातून पोतंभर स्टेपर मोटरी, म्हणजे सलग न फिरता ठरावीक पावलांनी (स्टेपने) फिरणाऱ्या मोटरी, वजनावर उचलल्या. पहिलं गिऱ्हाईक फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा. त्याला लाकूड कोरायचा छोटा राउटर करायचा होता. मी मोटरीला करंट दिला आणि म्हटलं, "फिरवून दाखव शाफ्ट." त्याला हलवता येईना. तीन मोटरी विकल्या.

आठवड्याने तो परत. "काका, हळू चालवली की सुरेख चालते, वेग वाढवला की नुसती घूं घूं करते." पैसे परत दिले आणि रात्री मीटर घेऊन बसलो.

सहा तारांची मोटर, एका कॉइलला 24 ओहम, इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइल करते तो विरोध) 40 मिलिहेन्रीच्या आसपास. बारीक तार, भरमसाट वेढे. अशा कॉइलमध्ये करंट चढायलाच वेळ लागतो. वेगात तो चढायच्या आत पुढची स्टेप येते. उभ्या मोटरीचा जोर दाखवून मी धावत्या मोटरीचा सौदा केला होता. आयुष्यभर वेढे मोजणाऱ्याला हे आधी सुचू नये, याची लाज अजून वाटते.

सीएनसीच्या (कॉम्प्युटरने चालणाऱ्या यंत्रांच्या) हौशी मंडळींत एक आडाखा चालतो: मिलिहेन्रीच्या वर्गमुळाला 32 ने गुणा, तेवढ्या व्होल्टपर्यंत ड्रायव्हरचा, म्हणजे मोटरीला करंट देणाऱ्या सर्किटचा, सप्लाय नेता येतो. अडीच मिलिहेन्रीला साधारण 50 व्होल्ट येतात, ते परवडतं. आमच्या मोटरींना 200 च्या वर हवे होते! मधली तार धरून अर्धीच कॉइल वापरली, तर इंडक्टन्स पावपट होतो, तरी आकडा शंभरावरच.

आता मोटर आली की आधी दोन-दोन तारा जोडून शाफ्ट फिरवतो. जड लागला की त्या एकाच कॉइलच्या. मग ओहम, मग इंडक्टन्स. बेअरिंगही कानाशी धरून ऐकतो, कारण किनाऱ्यावरच्या कारखान्यातला माल वरून चकचकीत असला तरी आत खाऱ्या हवेने गंजलेला निघतो. आणि खोलून कोणी "साफ" केलेली मोटर घेतच नाही. रोटर बाहेर काढला की चुंबकाचा जोर कमी होऊ शकतो, आणि ते बाहेरून दिसत नाही.

पोत्यातल्या उरलेल्या मोटरी भंगारात घातल्या नाहीत. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) देखाव्यात देवामागचं चक्र सावकाश फिरवायला त्या झकास. तिथे घाई कोणाला असते? म्हार्दोळ-माशेलची पोरं श्रावणातच येऊन नेतात. अकरा शिल्लक आहेत.