आत्याबाईचं अस्वल

लेकीच्या अस्वलाची बगल उसवली आणि आतला पांढराफेक कृत्रिम कापूस घरभर झाला. टाकून देऊ म्हटलं, तर आई चष्मा शोधत म्हणाली, "दे हिकडं, मी शिवतो." (कोल्हापूरची बाई स्वतःबद्दल 'शिवतो', 'येतो', 'जातो' असंच म्हणते. परगावचे पाहुणे हसतात; आम्हाला त्यात हसण्यासारखं काय ते अजून कळलेलं नाही.)

अस्वलाचं पोट रिकामं बघून लेकीने विचारलं, "न्यू पॅलेसमधल्या वाघांच्या आत पण हेच असतं?" तिथल्या संग्रहालयात शिकारीतली पेंढा भरलेली जनावरं आहेत. त्यांच्यासमोर ती माझा हात सोडत नाही, आणि घरी मात्र अस्वल कुशीत घेऊन झोपते. पण हे अस्वलही जन्मलं ते शिकारीतूनच. १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले. दिवसभर काही मिळेना, म्हणून सोबतच्यांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणार नाही, असं ते म्हणाले. त्यावर व्यंगचित्र आलं आणि ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने कापडी अस्वल करून त्याला रूझवेल्टांचं लाडकं नाव दिलं, टेडी. खरं अस्वल वाचलं नाहीच. जखमी होतं म्हणून दुसऱ्याला सांगून त्याला संपवलं. तो भाग व्यंगचित्रात नाही.

मला यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते, ती जर्मनीतल्या गीन्गन गावच्या एका आत्याची. मार्गारेट श्टाइफ. जन्म १८४७ चा, दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. पाय गेले, उजव्या हातातही जोर राहिला नाही. तरी शिवण शिकली. मशीनचं चाक उजव्या बाजूला, म्हणून मशीनच उलटं फिरवून डाव्या हाताने चाक ओढायची. १८८० मध्ये तिने टाचण्या खोचायला फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडाचे, छोटे हत्ती शिवले. बायकांच्या शिवणाच्या डब्यातले ते हत्ती पोरांनी पळवले आणि धंदा टाचण्यांचा राहिलाच नाही, खेळण्यांचा झाला.

मग एकेक करत भाऊरायाची पोरं आत्याच्या हाताखाली आली. त्यातल्या रिचर्डला प्राणिसंग्रहालयात बसून जनावरांची चित्रं काढायचा नाद. त्याने हातपाय हलणारं, मोहेअरच्या केसाळ कापडाचं अस्वल बेतलं. आत्याला ते फारसं पटलं नव्हतं म्हणतात. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने त्याची तीन हजारांची मागणी नोंदवली, आणि १९०७ साली कारखान्यातून ९,७४,००० अस्वलं बाहेर पडली. आपल्याकडे बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. इथे अस्वल आत्याच्या घरचं, आणि नाव परस्पर समुद्रापलीकडे ठेवून मोकळे!

एवढा खप म्हटल्यावर नकला आल्याच. देशात कुठल्याही पदपथावर 'कोल्हापुरी' म्हणून काय काय विकतात हे बघितलेल्या माणसाला ते समजावून सांगायला नको. आपल्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळायला २०१९ उजाडलं. श्टाइफांच्या फ्रान्झ नावाच्या दुसऱ्या भाच्याने १९०४ मध्येच साधा उपाय काढला: प्रत्येक प्राण्याच्या डाव्या कानात धातूचं बटण. आजही ते असतं. म्हणजे गुजरीत सोनारापुढे बसवून आपण पोरांचे कान टोचून आणतो, तसे गीन्गनमध्ये अस्वलांचे टोचतात. फक्त रडारड नाही.

हे मी लेकीला रंगवून सांगितलं, ती चूकच झाली.

तोवर आईने दोरा तोंडात ओला करून सुईत ओवला होता. जुन्या उशीतला कापूस ती चिमटीने पिंजत होती आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बगलेतून आत सारत होती. शेवटचे चार टाके उलटे घातले, गाठ मारली, दोरा दाताने तोडला. अस्वल आता चांगलंच वजनदार झालंय आणि एका अंगाला कलतं.

"आजी, कान टोच की त्याचा."

आईने बटणांचा डबा उपडा केला. आजोबांच्या सदऱ्याचं एक पितळी बटण निघालं, ते डाव्या कानात बसलं. आता नाव राहिलंय. त्यासाठी रविवारपर्यंत थांबायचं आहे. इचलकरंजीहून आत्या येणार आहे.