वाट्याला आलेली कोंबडी

आमच्या नाट्यमंडळाचं वार्षिक संमेलन म्हटलं की मला आधी सोललेले गुडघे आठवतात. अहवालवाचन, सत्कार, बक्षिसं, सगळं नंतर. शेवटचा अर्धा तास जनावरांचा असायचा. संवाद नाहीत, नेपथ्य नाही, नुसती शरीरं. पत्रिकेवर ‘फिजिकल थिएटर’ असं भारदस्त छापलेलं असे. आम्ही आपसात त्याला ‘पिंजरा’ म्हणायचो.

पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला कोंबडी आली. वाघ, साप, माकड आधीच पळवले गेले होते. मी कोपरं फडफडवली, मान पुढे-मागे केली. सगळे खो-खो हसले आणि मी खूश! बसवणाऱ्या ताई मात्र म्हणाल्या, “हे कोंबडीचं चित्र झालं. कोंबडी कुठाय?”

मग आठवडाभर मी कोंबड्या बघत बसलो. कोंबडी चालताना मान पुढे-मागे करतच नाही, आपल्याला तसं वाटतं. ती डोकं झटकन पुढे नेते आणि हवेत एका जागी धरून ठेवते. मागून अंग चालत येतं, डोक्याखाली पोचतं, की पुन्हा झटका. तिचे डोळे खोबणीत फारसे फिरत नाहीत. नजर स्थिर ठेवायची तर डोकंच स्थिर धरावं लागतं. हे सांगायला सोपं. करायला गेलो तर मानेचे हाल, आणि पाय भलतीकडेच. पण एका संध्याकाळी ते जमलं आणि तालमीच्या खोलीतलं हसू थांबलं. भीती दाखवायला मी काहीच केलं नव्हतं. डोकं थांबलं आणि ती आपोआप आत आली.

मांजर करणाऱ्याचे हाल वेगळे. मांजर मागचा पंजा जवळपास पुढच्या पंजाच्या ठशावरच टाकतं. माणसानं रांगत ते करायचं म्हणजे जिथून तळवा उचलला तिथे गुडघा, तोही आवाज न करता. गुडघे सोलायचे ते असे.

तालीम संपली की ताई बोलत. जाक लकॉक मुळात खेळ आणि व्यायाम शिकवणारा माणूस; त्यानं १९५६ साली पॅरिसमध्ये नाट्यशाळा काढली आणि तिथे नटांना प्राण्यांच्या हालचालींवरून शिकवलं. एवढ्यावर आम्ही भारावलो, की ताई भरताच्या नाट्यशास्त्राकडे वळत. त्यातल्या १०८ करणांमध्ये, म्हणजे हातापायांच्या एकत्र नृत्य-हालचालींमध्ये, मयूरललित आहे, हरिणप्लुत आहे, सिंहविक्रीडित आहे. नावं ऐकायला गोड. हरिणप्लुत करून बघितलं त्या दिवशी मी जिना बसून उतरलो.

खरी मजा पुढच्या वर्षांत आली. आता प्राणी दिसू द्यायचा नाही, माणसाच्या आत चिमूटभर ठेवायचा. प्रसंग साधा: प्रतीक्षालय, पाच माणसं, चार खुर्च्या. फाईल सांभाळणाऱ्या गृहस्थात बगळा, पर्स घट्ट धरलेल्या बाईत मांजर, माझ्यात अर्थात कोंबडीच. लोक आधी हसायचे, मग खुर्ची खरंच कोणाला मिळते हे बघायला पुढे सरकून बसायचे. माझ्या मते आमचं सगळ्यात चांगलं काम ते. वाघ-सिंह कितीही गुरगुरले तरी त्या एका रिकाम्या खुर्चीपुढे फिके.

त्याच प्रयोगात एका वर्षी वीज गेली. धोका दिसला की अंग भिडायला नाहीतर पळायला तयार होतं, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनननं १९१५ मध्ये लिहिलेलं ‘लढा किंवा पळा’ ताईंनी आम्हाला पाठ करायला लावलं होतं. त्याआधी अंग थिजतं, हे मात्र त्या रात्री कळलं. एवढं भरलेलं सभागृह, पण खोकल्याचाही आवाज नाही. हा नाटकाचाच भाग आहे का, कोणाला कळेना. मग कुठेतरी एक तान्हं रडलं आणि अंधारात एकदम खुर्च्या करकरल्या. सगळी माणसं त्या आवाजाकडे वळली असणार. दिवे आले तेव्हा आम्ही पाचही जण मंचाच्या मधोमध पाठीला पाठ लावून उभे होतो, तोंडं बाहेर. खुर्च्या चारही रिकाम्या. असं कोणी बसवलं नव्हतं. टाळ्या थांबेनात.

पुढच्या वर्षी आम्ही शहाणे झालो आणि मुद्दाम दिवे घालवले. दोन सेकंदांत पन्नास मोबाईल चमकले. कोणीतरी ओरडलं, “फ्यूज बघा रे!” ताई विंगेत कपाळाला हात लावून बसल्या.

आता मी प्रेक्षकांत बसतो; मंचावर नवी पोरं असतात, गुडघ्यांना पॅड बांधलेली. गेल्या संमेलनात अहवालवाचन ऐन रंगात असताना मागचं दार धाडकन आपटलं. पुढच्या रांगेतली झाडून सगळी डोकी झटक्यानं वळली आणि तशीच हवेत धरून राहिली. माझंही.