विंग इंजिनाचं काम: पाया आणि शाफ्टची नळी झाली

विंग इंजिन म्हणजे मुख्य इंजिन बंद पडलं तर बोट चालवणारं, बाजूला बसवलेलं राखीव इंजिन. त्याचा पाया लॅमिनेट करून झाला, शाफ्टची (पंखा म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या दांड्याची) नळी रेषेत बसली आणि वेगळी डिझेल टाकी दाबाच्या चाचणीत टिकली. इंजिन अजून बोटीबाहेरच आहे. ते आत घेण्याआधी एक लिहून ठेवतो: आधीच्या आराखड्यात याच कामासाठी मुख्य शाफ्टवर, जनरेटरच्या विजेवर चालणारी इलेक्ट्रिक मोटर होती, ती का सोडली. एका इंजिनाची लांब पल्ल्याची बोट बांधणारा कुणीही या प्रश्नाशी येऊन थांबतोच.

मोटरच्या बाजूनं बोलण्यासारखं खूप आहे. मोठा, संथ फिरणारा मुख्य पंखाच वापरता येतो, तळाला नवं भोक पाडावं लागत नाही आणि जनरेटर बोटीवर असतोच. शांत पाण्यातला हिशेबही मोह पाडतो. आपली जलरेषा (पाण्याच्या पातळीला बोटीची लांबी) १२ मीटर, म्हणजे ३९ फुटांच्या आसपास. तिचं वर्गमूळ गुणिले १.३४ केलं की अशा बोटीच्या वेगाची ८.४ नॉटची (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) मर्यादा येते. ७ नॉटला ३० किलोवॉट लागतात असं धरलं आणि शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते हा ढोबळ नियम लावला, तर ४ नॉटला साडेपाच आणि ३ नॉटला जेमतेम अडीच किलोवॉट पुरतात. १० किलोवॉटची मोटर मग ऐसपैस वाटते.

पण मुख्य इंजिन नेमकं शांत पाण्यातच बंद पडेल असं धरून चालत नाही. म्हणून समोरून २५ नॉटचा वारा धरला. बोट ३ नॉटनं पुढे जात असेल तर अंगावर २८ नॉट, म्हणजे सेकंदाला १४.४ मीटर वारा येतो. केबिन आणि रेलिंग धरून समोरचं क्षेत्रफळ २० चौरस मीटर. रोध गुणांक (आकारामुळे वारा किती अडतो त्याचा आकडा) १ घेतला तर वारा सुमारे २,५०० न्यूटन बळानं मागे रेटतो. तेवढ्याला पुरून ३ नॉट राखायचे तर पाण्यात जवळपास ४ किलोवॉट उतरायला हवेत, आणि पंख्याची कार्यक्षमता निम्मी धरली तर शाफ्टवर ८. त्यात आधीचे अडीच मिळवले की १० किलोवॉटची मोटर संपली, आणि लाटांचा धक्का तर अजून मोजलेलाही नाही. बॅकअपची शक्ती वाऱ्यासाठीच मोजायला हवी, हे माझं ठाम मत झालं आहे.

मोठी मोटर घेता आली असती. तरी दुसरी अडचण उरतेच. दोरी किंवा जाळं पंख्यात अडकलं, शाफ्ट वाकला, बेअरिंग गेलं, की त्याच शाफ्टवर बसलेली मोटर निरुपयोगी. शिवाय काही गिअरबॉक्सना इंजिन बंद असताना तेल मिळत नाही, त्यामुळे शाफ्ट बाहेरून फार वेळ फिरवला तर तेही धोक्यात. शीड हा जुना पर्याय आहे. रॉबर्ट बीबी यांनी १९६३ मध्ये पाण्यात उतरवलेल्या ५० फुटी ‘पॅसेजमेकर’वरही शिडं होती. पण आपल्या बोटीच्या उंच केबिनला पुरेल एवढं शीड म्हणजे वेगळीच बोट बांधणं, आणि वाऱ्याच्या तोंडावर ते कामाचं नाही.

म्हणून २० किलोवॉटचं वेगळं डिझेल इंजिन, वेगळा शाफ्ट, मिटणारा पंखा. मुख्य इंजिनाशी एकही गोष्ट सामाईक नको, हा नियम प्रत्येक नळीला लावला. मुख्य इंजिनाला कील कूलिंग आहे (तळाबाहेरच्या नळ्यांतून बंद फेऱ्यातलं पाणी थंड होतं), याला समुद्राचं पाणी आत घेऊन थंड करणारं. स्टार्टिंग बॅटरी स्वतःची, फिल्टर स्वतःचे. टाकी २०० लिटरची: १० किलोवॉटला ताशी सुमारे ३ लिटर धरले तर वर मोजलेल्या वाऱ्यातही २०० सागरी मैल कापता येतात, शांत पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. बंदरात भरलेलं नवं डिझेल थेट या टाकीत घालायचं नाही. मुख्य इंजिनानं ते काही दिवस जाळून दाखवल्यावरच फिल्टरमधून इकडे घ्यायचं, कारण घाण डिझेल दोन्ही इंजिनं एकदमच बंद पाडतं.

या रचनेची किंमतही आहे. पंखा मध्यरेषेपासून ६० सेंटिमीटर बाजूला, म्हणून बोट सतत एका अंगाला वळू पाहणार. शिवाय त्याचा प्रवाह सुकाणूवर नीट येत नाही. ऑटोपायलटला हे किती पेलतं ते पाण्यातच कळेल. मिटलेल्या पंख्यावर शिंपले चढले तर तो उघडणारच नाही, त्यामुळे लांबच्या प्रवासात ठरावीक दिवशी तो भाराखाली चालवायचा, नुसता न्यूट्रलमध्ये नाही.

पुढचं काम: इंजिन आत घेऊन ढोबळ रेषा जुळवणं. अंतिम जुळवणी बोट तरंगती झाल्यावर, कारण आधारावरचा तळ पाण्यात थोडा आकार बदलतो. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या १०० मिलिमीटरच्या फ्लँजला (जोडचकतीला) ०.१ मिलिमीटरहून जास्त फट चालणार नाही. पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो किती पुढे सरकेल ते अंतर) मी ३ नॉटसाठी कमी ठेवला आहे. धक्क्याला बांधून पूर्ण थ्रॉटलवर इंजिन किती आरपीएम गाठतं, ते पुढच्या नोंदीत.