सील नवीन, गळती जुनीच

शाफ्ट ड्राइव्हच्या, म्हणजे साखळीऐवजी दांड्याने मागचं चाक फिरवणाऱ्या मोटरसायकली दुरुस्तीला येतात तेव्हा तक्रार बहुतेक वेळा मागच्या चाकाजवळच्या तेलाची असते. या गाडीचा मालक मात्र आधीच वैतागून आला होता. फायनल ड्राइव्हचं, म्हणजे मागच्या चाकाजवळच्या गिअरच्या डब्याचं मोठं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) त्याने स्वतःच बदललं होतं. चार पाच दिवस गाडी फिरवली आणि रिमच्या आतल्या कडेला तेल पुन्हा हजर. ‘‘दादा, सील डुप्लिकेट निघालं. चांगल्यातलं एक बसवून द्या.’’

टायरच्या कडेपर्यंत तेल आलं होतं, म्हणून पहिलं काम पुसण्याचं. टायरवर तेल घेऊन वळण घेण्यात कसलाच शहाणपणा नाही.

मी लगेच सील काढलं नाही. बोटाला लागलेल्या तेलाला गंधकाचा उग्र वास होता, म्हणजे गिअर ऑइलच. ब्रेक ऑइल किंवा स्प्लाइनवरचं, म्हणजे जोडाच्या दातांवरचं वितळलेलं ग्रीस असतं तर शोध दुसरीकडे घ्यावा लागला असता. मग लेव्हल पाहिली. तेल फिलर प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेला टेकलेलं होतं, जास्त भरलेलं नव्हतं. ब्रीदरचं भोक चिखलाने बुजलं की गरम झालेल्या हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. आतला दाब वाढतो आणि चांगलं सीलसुद्धा तेल सोडतं. तारेने तपासलं, भोक मोकळं होतं. चाक वर उचलून वरून आणि खालून धरलं, आलटूनपालटून ढकललं. बेअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा नव्हता. तो असता तर चाक ज्यावर बसतं तो हब डगमगला असता आणि कितीही सीलं बदलून भागलं नसतं.

मग सगळा भाग ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडा केला, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि गाडी फिरवून आणली. पावडर भिजून तेलाची नेमकी वाट उमटते, म्हणून ही जुनी युक्ती मला अजून आवडते. सीलच्या बाहेरच्या कडेला, म्हणजे हाउसिंगमध्ये ते जिथे घट्ट बसतं तिथे, पावडर पांढरीशुभ्र होती. ओला चंद्रकोरीसारखा डाग होता तो आतल्या बाजूला, सीलचं लिप, म्हणजे रबराची पातळ कड, फिरत्या हबवर घासतं तिथे. तोही गाडी गरम झाल्यावरच आला. गार असताना गिअर ऑइल घट्ट असतं. तापून पातळ झालं की बारीक फटीतूनही सुटतं.

आता सील काढलं. मालक माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. सील चांगलं होतं. लिपला चीर नव्हती, मागची गोल स्प्रिंग जागेवर होती आणि तिची बाजू तेलाकडे, म्हणजे बरोबर दिशेला होती. बसवताना दातांनी लिप कापू नये म्हणून त्याने स्प्लाइनवर टेपही गुंडाळली होती म्हणे. अशी काळजी घेणारे थोडेच भेटतात.

मग हबवरून नख फिरवलं. एका जागी ते अडकलं. उजेडात धरल्यावर पूर्ण गोलाईभर एक अरुंद, चकचकीत रेघ दिसली. जुन्या सीलच्या लिपखाली वर्षानुवर्षं धूळ अडकली होती आणि तिने पोलाद खात खात खाच पाडली होती. रबर मऊ असतं, पण त्यात रुतलेली धूळ पॉलिश पेपरसारखी काम करते. मालकाने नवं सील मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हाउसिंगच्या खांद्यापर्यंत बसवलं होतं. त्यामुळे लिप नेमकं त्याच खाचेवर आलं. काम बिनचूक झालं होतं, म्हणूनच तेल गळत होतं.

सील थोडं अलीकडे बसवून लिप कोऱ्या जागेवर आणता येतं का, हे मी मोजून पाहिलं. जागा नव्हती. हब बदलायचा म्हणजे अख्खा क्राउन गिअर उघडायचा आणि दात जुळवण्यासाठी शिम, म्हणजे पातळ चकत्या, लावत बसायचं. त्यापेक्षा स्लीव्ह बरी. ही हबवर चढवायची पातळ स्टीलची नळी असते, भिंत पाव मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे सीलचा साइज तोच चालतो. खाच खोल असल्याने आधी त्यात मेटल इपॉक्सी भरली, ती ओली असतानाच स्लीव्ह सरळ ठोकत बसवली आणि बाहेर आलेली इपॉक्सी पुसून काढली. ती वाळल्यावर नव्या सीलच्या लिपला तेल लावून ते सगळीकडून सारखं आत ढकललं. काढलेलं सील परत बसवत नाही मी, कितीही चांगलं दिसलं तरी. बाहेरून सिलिकॉन लिंपून गाडी सोडणारेही असतात. तेलकट पत्र्यावर ते दोन दिवसही धरत नाही.

दुसऱ्या दिवशी मालकाचा घाबरून फोन. सीलच्या कडेला ओलसर दिसतंय! लिपला लावलेलं तेलच बाहेर आलं असेल, असं सांगितलं आणि पुसून पुन्हा लांब फिरून यायला लावलं. परत आला तेव्हा सगळं कोरडं होतं. आता पुढच्या पिनियन सीललाही (शाफ्टच्या बाजूच्या छोट्या गिअरच्या सीललाही) स्लीव्ह बसवून घेऊ का, असं विचारतोय. ते गळत नाहीये, तर हात लावू नकोस म्हटलं.