गिझर बिघडतो तेव्हा: बोअरचं पाणी, टाकीची उंची आणि बाथरूममधली हवा

दिवाळी सरली की सांगली-मिरजेपासून साताऱ्यापर्यंत वायरमन आणि प्लंबरना एकदम मागणी येते. गिझर लागत नाही, पाणी कोमट येतं, नळाला झिणझिण्या येतात, गॅस गिझर भप्पकन पेटतो. तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी बहुतेकांचं मूळ यंत्रात नसतं. ते पाण्यातल्या क्षारात, स्लॅबवरच्या टाकीच्या उंचीत, घरच्या अर्थिंगमध्ये आणि बाथरूमच्या हवेत असतं. कंपनी बदलून हे प्रश्न सुटत नाहीत, म्हणून नवा गिझर घेण्याआधी हे वाचा.

आधी दाबाचं बघू, कारण गॅस गिझर ‘लागतच नाही’ या तक्रारीत नव्वद टक्के वेळा हेच निघतं असं माझं मत आहे. गॅस गिझरच्या वॉटर व्हॉल्व्हमध्ये रबरी पडदा असतो. पाण्याच्या जोराने तो फुगतो, पिन ढकलतो, मायक्रोस्विच दाबला जातो आणि मग ठिणगी सुरू होते. जोर कमी पडला की पडदा हलत नाही. टाकीतलं पाणी गिझरच्या जितकं वर, तितका दाब: १ मीटर उंचीला साधारण ०.१ बार. एकमजली घरात टाकी थेट स्लॅबवर आणि गिझर भिंतीवर पाच फुटांवर असेल, तर मधे जेमतेम दीड मीटर उरतो. म्हणजे ०.१५ बार. गिझरच्या लेबलवर किमान दाब लिहिलेला असतो, तो वाचूनच खरेदी करा.

तपासणी सोपी आहे. गॅस बंद ठेवून गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा आणि १ लिटरची बाटली खाली धरा. ती साधारण २५ सेकंदांत भरली, तर मिनिटाला अडीच लिटर पाणी येतंय आणि बहुतेक गिझर पेटतील. ४० सेकंद लागले तर नाही. मग आधी गिझरच्या इनलेटची जाळी काढून धुवा. शॉवरची चाळणी क्षाराने बुजली आहे का ते पाहा. अर्ध्या इंची पाइपाने दहा वळणं घेतली असतील तर टाकीपासून गिझरपर्यंत पाऊण इंची सरळ लाइन टाका. तरीही जमलं नाही तर टाकी चार-पाच फुटांच्या स्टँडवर चढवा. छोटा प्रेशर पंप हा शेवटचा उपाय. पाणी भरपूर येतंय, पिन मात्र हलत नाही आणि खालून ठिबकतंय, असं असेल तर पडदा फाटलाय. तो स्वस्तात मिळतो, पण त्याच मॉडेलचा लागतो.

आता क्षार. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडे माण-खटाव, या भागात बोअरच्या पाण्यावर इलेक्ट्रिक गिझर चालवणं म्हणजे दरवर्षी कॉइल साफ करणं आलंच. कृष्णेचं किंवा साताऱ्यात कास तलावाचं पाणी येणाऱ्या घरांना दोन-तीन वर्षं चालून जातं. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना कॉइलवर थराने बसतो, आणि ६० अंशांच्या वर हे फार वेगाने होतं. थर उष्णता अडवतो, आतली कॉइल जास्त तापते आणि शेवटी तडकते. म्हणून बोअरच्या पाण्याला थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवा. गिझर किटलीसारखा घुरघुरायला लागला की समजा थर जाड झालाय.

स्टोरेज, म्हणजे टाकीवाला इलेक्ट्रिक गिझर साफ करायची रीत अशी. एमसीबी पाडा आणि प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. इनलेटचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवा, मग इनलेटचा नट सोडून टाकी बादलीत रिकामी करा. खालचं झाकण काढल्यावर वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या. थर्मोस्टॅटचा सेन्सर हळूच ओढून काढा, त्याची बारीक नळी दुमडली तर तो गेला. फ्लँजचे, म्हणजे कॉइल धरणाऱ्या चकतीचे, बोल्ट समोरासमोर थोडे थोडे ढिले करा आणि कॉइल खाली घ्या. कोमट पाण्यात लिटरला ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून कॉइल दोन-तीन तास बुडवा. वायरची टोकं पाण्याबाहेर राहू द्या. फेस येईल, थर मऊ होईल, मग प्लॅस्टिकच्या ब्रशने काढा. हातोडीने ठोकू नका, वरच्या नळीला केसाएवढी चीर पडली तरी करंट पाण्यात उतरतो. फरशी धुण्याचं ॲसिड तर अजिबात नको, ते क्षाराबरोबर धातूही खातं. टाकीतले सुटे खडे हाताने काढा. आत काचेचं कोटिंग असेल तर लोखंडी पट्टी लावू नका.

त्याच फ्लँजवर किंवा शेजारी मॅग्नेशियमची कांडी असते, तिला ॲनोड म्हणतात. टाकीऐवजी ती स्वतः गंजते, तिचं काम तेच. ती निम्म्याहून बारीक झाली किंवा आतली तार दिसायला लागली की नवी घाला. हा भाग सर्व्हिसला आलेला माणूस आपणहून दाखवत नाही, विचारून पाहा. गरम पाण्याला कुजल्यासारखा वास येत असेल तर बोअरच्या पाण्यातले जिवाणू आणि ही कांडी यांच्यातून तो तयार होतो. पाणी एकदा ६०-६५ अंशांपर्यंत तापवून टाकी पूर्ण वाहून घालवली की बऱ्याचदा जातो. त्या वेळी नळाखाली हात धरू नका.

परत बसवताना गॅस्केट नवंच हवं. नट-बोल्ट आवळल्यावर आधी पाणी भरा, गरम नळातून हवा जाऊन अखंड धार येऊ द्या, गळती पाहा, झाकण लावा आणि मगच वीज द्या. रिकाम्या टाकीत चालू केलेली कॉइल काही मिनिटांत जळते. नळाला पाणी आलं नसताना सकाळी सवयीने बटण दाबणं, हेही त्यातच आलं.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात म्हणून काही जण तिथे बूच ठोकतात. असं कधीही करू नका. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे ३८० मिलिलिटरने फुगतं. परत वरच्या टाकीकडे जायला वाट नसेल तर ते पाणी तिथूनच बाहेर पडतं. त्याला बारीक नळी जोडून मोरीत सोडा. गिझर बंद असतानाही धार लागली असेल तर मात्र व्हॉल्व्ह खराब आहे किंवा लाइनला दाब जास्त आहे.

विजेचं थोडक्यात. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.७ युनिट लागतं, म्हणजे २,००० वॅटच्या गिझरला २१ मिनिटं. वस्तीवर किंवा मळ्यात पहाटे पंप चालू असताना व्होल्टेज १८० वर आलं, तर तोच गिझर सव्वाबाराशे वॅटचा होतो आणि ३४ मिनिटं घेतो. त्यात बिघाड काही नाही. गिझर चालतच नसेल तर वीज पूर्ण बंद करून मल्टिमीटरने कॉइल मोजा: २,००० वॅटला सुमारे २६ ओहम, ३,००० वॅटला सुमारे १८. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. कॉइल ठीक असून पाणी गार असेल तर कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा स्विच) पडलाय का पाहा; झाकणाखाली छोटं बटण असतं, ते आत दाबायचं. पुन्हा पडला तर थर्मोस्टॅट चिकटलाय, तो बदला. ‘डायरेक्ट करून देतो’ म्हणणाऱ्या वायरमनला तिथेच थांबवा. थर्मोस्टॅट काढून थेट जोडलेला गिझर पाणी उकळतच राहतो, आणि व्हॉल्व्ह क्षाराने जाम असेल तर टाकी फुटते.

वायर किमान २.५ चौरस मिलिमीटरची, ३,००० वॅटला ४ ची, प्लग १६ अँपिअरचा. प्लगचा टॉप काळा पडत असेल तर आतला स्क्रू ढिला आहे. आणि अर्थिंग: आमच्याकडच्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा उपयोग राहत नाही, म्हणून त्यात अधूनमधून पाणी घाला. काही ठिकाणी प्लगची अर्थपिन सरळ न्यूट्रलला जोडलेली सापडते. बाहेर न्यूट्रल तुटला की गिझरची बॉडी आणि नळ, दोन्हींत करंट येतो. सॉकेट उघडून हे एकदा बघाच, आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावून घ्या. नळाला झिणझिण्या आल्या तर ओल्या हाताने गिझरचं बटण शोधू नका, मेन स्विच पाडा.

आता गॅस गिझरचा धोका, आणि इथे मी जास्त वेळ घेणार आहे. ६ लिटरचा गिझर तासाला सुमारे १ किलो गॅस जाळतो. १० मिनिटांच्या अंघोळीला १६० ग्रॅम. या हिशोबाने १४.२ किलोची टाकी जवळपास ८८ अंघोळींना पुरते. पण १६० ग्रॅम गॅस नीट जळायला २,००० लिटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवाच ५,४०० लिटर. दार लावलेलं, खिडकी थंडीमुळे बंद, तर एकाच अंघोळीत तिसऱ्या हिश्शाहून जास्त हवा ज्योतीला लागते. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८-१९ टक्क्यांवर आला की ज्योत अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नाही, रंग नाही. गॅस गळतीचा जो वास ओळखीचा आहे तो गॅसमध्ये मिसळलेल्या द्रव्याचा, मोनॉक्साइडचा नव्हे. मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात आणि कडीपर्यंत हात पोचत नाही.

जुन्या घरात बंब परसात असायचा, धूर बाहेर जायचा. गॅस गिझरचा धूर दिसत नाही म्हणून तो आत आला. त्याची जागा बाहेरच: ड्राय बाल्कनी, मागचा ओटा, बाहेरची भिंत, वर पत्र्याचं छोटं छप्पर. तिथून गरम पाण्याचा पाइप आत न्या. इमारतीचा डक्ट वरून पत्र्याने बंद असेल तर ती उघडी जागा धरू नका. नुसता एक्झॉस्ट फॅनही पुरत नाही. बाहेरून हवा आत यायला खाली जाळी नसेल, तर फॅन जळालेली हवाच गिझरकडून खाली खेचतो.

भाड्याच्या घरात गिझर आतच असेल आणि हलवता येत नसेल, तर दार उघडं ठेवून बादल्या भरा, गिझर आणि रेग्युलेटर बंद करा, मग दार लावून अंघोळ करा. शॉवर नको. एकामागून एक चौघांच्या अंघोळी हा सगळ्यांत वाईट प्रकार. पहिल्याने सोडलेला वायू चौथ्याच्या वाट्याला येतो, आणि चौथं बहुधा शाळेला उशीर झालेलं लेकरू असतं. बाथरूमची कडी बाहेरून उघडता येईल अशी घ्या. बॅटरीवरचा मोनॉक्साइड अलार्म बसवा. एलपीजी गळतीचा डिटेक्टर वेगळा, तो हे काम करत नाही. कुणी आत कोसळलं तर दार तोडा, उघड्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना ‘गॅस गिझर चालू होता’ हे आधी सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवू शकतं, कारण त्याला मोनॉक्साइड धरलेलं रक्तही ऑक्सिजनवालंच दिसतं. खरं कळतं ते रक्ताच्या तपासणीत.

ज्योत निळी हवी. पिवळी झाली, वर काजळी धरली, तर वापर थांबवून बर्नर आणि तांब्याच्या पात्या साफ करून घ्या. भप्पकन पेटतो तेव्हा ठिणगीआधी गॅस साचलेला असतो: सेल उतरलेत, किंवा ठिणगी पाडणारा इलेक्ट्रोड काजळलाय अथवा वाकून लांब गेलाय. सेल मोठे, १.५ व्होल्टचे दोन, आणि दोन्ही एकदम बदलायचे. टिकटिक ऐकू येते पण पेटत नाही, यातही आधी सेलच पाहा. ठिणगीपुरती ताकद असते, सोलेनॉइड (गॅस सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) उघडायला पुरत नाही. गॅसची नवी टाकी लावल्यावर नळीत हवा असते, दोन-तीनदा नळ उघडबंद करावा लागतो. पेटून काही सेकंदांत विझत असेल तर ज्योत ओळखणारी दांडी पुसा. बाथरूममध्ये असेल तर मात्र कारण हवा कमी पडणं असू शकतं, आणि सेन्सरला दोष देऊन तो काढून टाकणारा मिस्त्री घरात घेऊ नका. नळ बंद केल्यावरही ज्योत चालू राहिली तर त्याच क्षणी रेग्युलेटर बंद करा, पिन किंवा मायक्रोस्विच अडकलाय. गळतीचा वास आला तर १९०६ हा एलपीजीचा आपत्कालीन क्रमांक आहे.

गिझरवर आयएसआय चिन्हासोबत आयएस १५५५८ आहे का पाहा, इलेक्ट्रिक स्टोरेजला आयएस २०८२. गॅसची नळी केशरी सुरक्षा नळीच, पाच वर्षांनी बदला, तारीख तिच्यावर छापलेली असते. घरात पाइपचा गॅस आला तर एलपीजीचा गिझर तसाच त्यावर लावू नका, दोघांचे नोझल आणि दाब वेगळे आहेत.

सांगलीकरांसाठी आणखी एक. २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला आणि इलेक्ट्रिक गिझर पाण्याखाली गेला, तर वरून कोरडा दिसला तरी चालू करू नका. बाहेरच्या आवरणातला फोम पाणी धरून ठेवतो. थर्मोस्टॅट, कटआउट, वायर आणि प्लग नवे घाला. कॉइल आणि बॉडीमध्ये मेगरने (करंट गळतोय का ते मोजणारं मीटर) १ मेगाओहमच्या वर आलं तरच वीज द्या. फोम भिजलेला असेल तर गिझरच बदला. गॅस गिझर बुडाला असेल तर सर्किट, सोलेनॉइड आणि रेग्युलेटर गेले असं धरा. गाळ बसलेला बर्नर आणि वॉटर व्हॉल्व्ह सुटे करून धुतल्याशिवाय पेटवून बघू नका.